चैत्र ते मिरग : सह्याद्रीच्या घाटरस्त्यांवरील उन्हाळी प्रवास

उन्हाळ्याच्या आरंभी मोटारगाडी काढून एखाद्या घाटाने महाबळेश्वर, पाचगणी, आंबोली किंवा लोणावळा गाठण्याचा बेत मराठी मध्यमवर्गीय घरांत आज इतक्या सहजपणे आखला जातो की, त्या बेताचे वेळापत्रक मुळात कोणी आणि कशासाठी ठरवले, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. शाळांच्या परीक्षा संपण्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंतचे सात-आठ आठवडे हा डोंगरप्रवासाचा स्वाभाविक काळ मानला जातो, आणि घाटाचा रस्ता म्हणजे वळणावळणाने उलगडत जाणारे एक दृश्य, असेही गृहीत धरले जाते. यांपैकी पहिली गोष्ट फार जुनी आहे, दुसरी मात्र फार तर दोनशे वर्षांची आहे. आणि ज्या रस्त्यांवरून ही दृश्ये दिसतात त्यांतील एकही महत्त्वाचा रस्ता मुळात दृश्यासाठी बांधला गेलेला नाही. तोफा, मीठ, कापूस, टपाल आणि सरकारी दप्तरे यांच्यासाठी डोंगर फोडला गेला, आणि त्या वाटेने जाणाऱ्या माणसांना पुढे सावकाश आजूबाजूला पाहण्याची सवड मिळाली, असा या इतिहासाचा खरा क्रम आहे.

सह्याद्रीची रचना लक्षात घेतल्याशिवाय या प्रवासाचे वेळापत्रक उमगत नाही. पूर्वेकडून, म्हणजे देशावरून येणाऱ्याला हा पर्वत फारसा उंच भासत नाही, कारण पठारच मुळी सहाशे-सातशे मीटर उंचीवर आहे. पश्चिमेकडून, कोकणातून पाहणाऱ्याला मात्र तीच रांग काळ्या बसाल्टच्या, म्हणजे लाव्हारसाच्या थरांपासून बनलेल्या कातळाच्या, सरळ उभ्या भिंतीसारखी दिसते. ही भिंत ज्या ज्या ठिकाणी झिजून खिंड पडली आहे तिथून पायवाटा निघाल्या. त्यांतील ओढ्याच्या पात्रातून चढणाऱ्या अरुंद वाटेला नाळ म्हणतात आणि लादलेले जनावर जाऊ शकेल अशा रुळलेल्या वाटेला घाट म्हणण्याचा प्रघात आहे. याच भिंतीवर नैर्ऋत्य मोसमी वारे आदळतात, त्यामुळे महाबळेश्वरसारख्या माथ्यावर वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. दरडी कोसळणे, ओढे फुगणे, निसरड्या फरसांवरून जनावरे घसरणे यांमुळे हे चार महिने घाटवाटा जवळजवळ बंद असत. त्यानंतरचे काही दिवस चिखल सुकण्यात आणि वाढलेले रान तोडण्यात जात, आणि खरी मोकळी वाहतूक होई ती दसऱ्यापासून ज्येष्ठाच्या आरंभापर्यंत.

या मोकळ्या काळातही उन्हाळ्याच्या तोंडाला घाटांवर विशेष वर्दळ असे, आणि तिचे कारण अगदी व्यावहारिक होते. ज्येष्ठात समुद्र खवळला की गलबते किनाऱ्याला ओढून ठेवली जात ती नारळी पौर्णिमेपर्यंत. म्हणजे कोकणचे बंदर आणि कोकणचा घाट ही दोन्ही दारे एकाच वेळी बंद होत. त्याआधी चार महिन्यांचे धान्य, गूळ, मिरची, तंबाखू, तेल घरात येणे आवश्यक असे. पावसाळ्याच्या तोंडाशी करावयाच्या या भरणीला कोकणात आगोटीची बेगमी म्हणतात. उलट बाजूने देशावरच्या गावांना मीठ, खोबरे आणि सुकी मासळी हवी असे, आणि मिठागरांतील मीठ तर याच कोरड्या महिन्यांत तयार होई. त्यामुळे चैत्र-वैशाखात वंजारी आणि लमाण व्यापाऱ्यांचे तांडे, म्हणजे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे शेकड्यांनी मोजावे असे कळप, घाट उतरत आणि चढत. आज ज्या आठवड्यांत घाटात मोटारींची रांग लागते, त्याच आठवड्यांत पूर्वी बैलांची लागत असे, आणि दोन्ही रांगांना घाई एकाच गोष्टीची, ती म्हणजे पाऊस लागण्याआधी परतण्याची.

या वाहतुकीची सर्वांत जुनी खूण जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. कल्याण व सोपारा या बंदरांतून देशावर येणारा माल या खिंडीतून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख असून त्यात राजकुलाने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची मोठी यादी आहे. अभ्यासक तो सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. राजघराण्याने आपल्या वैभवाची जाहिरात करण्यासाठी एखादे नगर न निवडता व्यापारी वाट निवडावी, यातच त्या वाटेवरील वर्दळीचा पुरावा आहे. खिंडीच्या तोंडाशी असलेला मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. ते अक्षरशः खरे असो वा नसो, घाट म्हटला की माथ्यावर चौकी आणि चौकीवर जकात, ही जोडी त्यानंतर मराठेशाहीतून कंपनी सरकारच्या टोलापर्यंत आणि तिथून आजच्या पथकर नाक्यापर्यंत कधी सुटलेली नाही.

सतराव्या शतकात घाटांकडे पाहण्याची एक वेगळी दृष्टी आढळते. जावळीचे खोरे ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड बांधला, आणि १६५९ मध्ये अफझलखान वाईहून रडतोंडीच्या घाटाने याच खोऱ्यात उतरला. मोठ्या लवाजम्याच्या, तोफा आणि उंट बाळगणाऱ्या सैन्याची अशा वाटेवर काय दशा होते, हे त्या मोहिमेने दाखवून दिले. डोंगरी राज्याच्या दृष्टीने अवघड वाट हीच तटबंदी होती, म्हणून घाट रुंद करून गाडीजोगे करण्यात कोणालाही स्वारस्य नव्हते. हे मागासलेपण नसून राजकारण होते, आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांनी घाटांच्या दुर्दशेबद्दल जी नाके मुरडली त्यांत ही गोष्ट क्वचितच ध्यानात घेतलेली दिसते. वाटसरूची सोय मात्र पाहिली जात असे. बोर घाटाच्या पायथ्याशी खोपोली येथे नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे मंदिर अशाच सोयीतून उभे राहिले. घाट चढण्यापूर्वी जनावरांना पाणी, माणसांना सावली आणि देवाचे दर्शन या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र मिळत.

बोर घाटाचा कायापालट होण्यास युद्ध कारणीभूत झाले. १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावाला पेशवाईवर बसवण्यासाठी मुंबईहून निघालेल्या इंग्रज फौजेला आपल्या तोफा या घाटातून वर ओढताना कित्येक दिवस खर्ची घालावे लागले, तोवर मराठ्यांची जमवाजमव झाली, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे त्या फौजेला नामुष्कीचा तह करावा लागला. हा धडा कंपनीच्या लष्कराने लक्षात ठेवला. १८०४ च्या सुमारास, कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली दख्खनमध्ये असताना, तोफखाना जाऊ शकेल अशा बेताने या वाटेची डागडुजी झाली. तरीही ती गाडीवाट झाली नाही. १८२५ मध्ये पुण्यास जाताना हा घाट चढलेला कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर नोंदवतो की, वाट रुंद आणि चांगली असली तरी चढण इतकी उभी आहे की भरलेली गाडी वर नेणे दुरापास्त असून प्रवासी पायी किंवा घोड्यावर जातात, आणि व्यापाराचा माल बैलांच्या व घोड्यांच्या पाठीवरून वाहिला जातो. पालखीतून जाणाऱ्यांनाही भोयांवर दया म्हणून असो की स्वतःच्या जिवाच्या भीतीने असो, अवघड टप्प्यावर खाली उतरावे लागे.

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने या घाटातून चाकांच्या गाड्यांसाठी नवा रस्ता बांधून घेतला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो वाहतुकीस खुला केला. कोकण आणि देश यांच्यामध्ये इतिहासकाळापासून उभी असलेली भिंत यामुळे पडली, अशी त्याची भावना होती, आणि ती अगदीच अवास्तव नव्हती. मुंबईहून पनवेलपर्यंत होडीने, पनवेलहून गाडीने खोपोली, तेथून घाट चढून खंडाळा आणि पुढे पुणे, असा सलग प्रवास आता शक्य झाला. या घाटाशी निगडित असलेली शिंग्रोबाची कथाही येथेच सांगितली पाहिजे. घाटाची योग्य आखणी इंग्रज अभियंत्यांना सापडत नव्हती, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरांच्या मागे चालून ती दाखवली आणि पुढे त्याला प्राण गमवावे लागले, असे लोक सांगतात. घाटात त्याचे मंदिर आहे आणि वाहनचालक आजही तेथे नाणे टाकून पुढे जातात. कथेला कागदोपत्री आधार शोधण्याचा आग्रह धरण्यापेक्षा तिच्यातील मुद्दा महत्त्वाचा आहे : दुर्बिणी आणि साखळ्या घेऊन आलेल्या मोजणीदारांनी ज्या आखण्या कागदावर काढल्या, त्यांतील पुष्कळशा गुरे, मेंढरे आणि तांडे यांनी आधीच पायाखाली घातलेल्या होत्या.

उन्हाळ्यात डोंगरावर जाणे ही स्वतंत्र, हेतुपूर्वक करावयाची गोष्ट म्हणून रूढ झाली ती महाबळेश्वरमुळे, आणि म्हणून या ठिकाणाची हकीकत थोडी सविस्तर पाहावी लागते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचा उगम मानले जाणारे क्षेत्र महाबळेश्वर हे यात्रेकरूंना अर्थातच पूर्वापार ठाऊक होते. १६६५ मध्ये येथे जिजाबाईंची सुवर्णतुला झाल्याचे सांगितले जाते. परंतु क्षेत्राला येणारा यात्रेकरू पर्वणी पाहून येई, हवा पाहून येत नसे. १८२४ मध्ये साताऱ्यातील पलटणीचा अधिकारी कर्नल पीटर लॉडविक हा रान तुडवत पठाराच्या कड्यापर्यंत पोहोचला आणि तेथील थंड हवेची वार्ता त्याने गोऱ्या वर्तुळात पसरवली. त्यानंतर लवकरच साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे छत्रपतींच्या दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी, जॉन ब्रिग्ज याच्या सूचनेवरून प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून पठारापर्यंत गाडीरस्ता बांधवून घेतला. गोऱ्यांच्या विश्रांतीसाठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ठिकाणाचा पहिला रस्ता मराठा राजाच्या खजिन्यातून झाला, ही गोष्ट पर्यटकांसाठी लिहिलेल्या माहितीत बहुधा गाळली जाते. १८२९ मध्ये माल्कमने महाराजांशी करार करून वाई भागातील खंडाळा या गावाच्या बदल्यात हे पठार कंपनीकडे घेतले आणि तेथे वसवलेल्या बाजारपेठेला माल्कम पेठ असे नाव पडले. पुढे १८४२ मध्ये महाराजांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी वेण्णेच्या पाण्यावर तलाव बांधला. आज ज्यात नौकाविहार होतो तो हाच.

या वसाहतीचा मोसम ठरला तो मुंबई सरकारच्या दिनक्रमाने. थंडीचे महिने मुंबईस, चैत्र-वैशाखाचा उन्हाळा महाबळेश्वरास आणि पाऊस सुरू होताच पुण्यास, असा गव्हर्नरच्या मुक्कामाचा वार्षिक क्रम एकोणिसाव्या शतकात पक्का झाला. गव्हर्नर निघाला की त्याच्यामागे सचिव, कारकून, दप्तराच्या पेट्या, चपराशी, वैद्य, त्यांच्या मागे ज्यांना गव्हर्नरची गाठ घ्यावयाची असे संस्थानिक व शेटिये, आणि या सर्वांच्या पोटापाण्याची व्यवस्था पाहणारे पारशी दुकानदार, खानसामे, धोबी, भोई अशी रीघ लागे. डोंगरावर राहावयाचे दिवस, भेटीगाठींच्या वेळा आणि घरांची भाडी या चक्रावर अवलंबून असत. जूनच्या आरंभी ढग जमू लागले की बंगले गवताच्या झडपांनी, म्हणजे पावसाचा मारा अडवणाऱ्या जाड आवरणांनी, चहूबाजूंनी झाकून बंद केले जात, आणि पेठेत मोजके लोक मागे उरत.

तेथवर पोहोचण्याचा बेत ही मात्र एक मोहीमच असे. मुंबईकराला दोन मार्ग होते. पहिला समुद्राचा : बोटीने बाणकोटच्या खाडीत शिरून सावित्रीतून दासगावपर्यंत यावे, तेथून महाड व पोलादपूर करीत घाटाच्या पायथ्याशी जावे, आणि रडतोंडीची चढण पालखीत, डोलीत किंवा तट्टावर बसून पार करावी. दुसरा देशावरचा : पनवेल, बोर घाट, पुणे, मग खंबाटकीचा घाट उतरून वाई आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी. पहिला अंतराने जवळचा पण भरतीओहोटीवर आणि वाऱ्यावर अवलंबून. दुसरा लांबचा पण त्यावर मुक्कामाची सोय चांगली. या वाटांवर एक मजल, म्हणजे दिवसभरात सहज उरकेल इतके अंतर, संपेल तेथे सरकारी डाक बंगला किंवा गावची धर्मशाळा असे. डाक बंगल्यात गोऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना प्राधान्य मिळे, धर्मशाळेत जातीपातीचे नियम चालत. सामान पुढे पाठवणे, भोयांची जोडी प्रत्येक टप्प्यावर हजर राहील असे आगाऊ कळवणे आणि उन्हाचा ताप टाळण्यासाठी पहाटे किंवा चांदण्यात चालणे, ही तयारीची मुख्य अंगे होती. ओझ्यासाठी गावोगावच्या लोकांना वेठीला, म्हणजे बिनमोल किंवा नाममात्र मोबदल्यावर सक्तीच्या कामाला, धरण्याची जुनी रीत साहेबांच्या प्रवासांतही चालू राहिली. निसर्गसौंदर्याने भारलेल्या त्या काळच्या प्रवासवर्णनांत हे खांदे फारसे दिसत नाहीत.

ही प्रवासवर्णने तरीही महत्त्वाची आहेत, कारण घाटाकडे देखावा म्हणून पाहण्याची सवय त्यांनी घडवली. १८४८ ते १८५३ या काळातील गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड याच्या पत्नीने १८५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘चाऊ-चाऊ’ या पुस्तकात महाबळेश्वरच्या मुक्कामाची वर्णने आहेत. त्याच काळात कड्यांच्या टोकांना नावे मिळत गेली : एल्फिन्स्टन पॉइंट गव्हर्नरच्या नावाने, केट्स पॉइंट माल्कमच्या मुलीच्या नावाने, सिडनी पॉइंट सेनापती बेकविथच्या नावाने, आणि तेच पुढे लॉडविक पॉइंट झाले. आर्थर्स सीट या नावामागे आर्थर मॅलेट हा अधिकारी असून त्याची पत्नी व मूल सावित्रीच्या पात्रात बुडाले, असे परंपरेने सांगितले जाते. उन्हाळी प्रवासाच्या समुद्रमार्गात किती जोखीम होती, याची ती एक नोंदच म्हणावी लागेल. या टोकांपर्यंत घोड्याच्या आणि गाडीच्या वाटा काढल्या गेल्या, त्यांच्या शेवटी गाडी वळवण्यापुरती मोकळी जागा सोडली गेली, आणि कुठे थांबून काय पाहायचे हे अशा रीतीने रस्त्यानेच ठरवून टाकले. आजचा प्रवासी जी टोके एकामागून एक पाहतो, त्यांची यादी मूलतः दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या काही थोड्या लोकांच्या संध्याकाळच्या फेरफटक्याची आहे.

या फेरफटक्याच्या वाटा कोणी खणल्या, याची उत्तरेही उपलब्ध आहेत. मलायाच्या बाजूच्या ब्रिटिश ठाण्यांतून पाठवलेले चिनी कैदी येथील तुरुंगात ठेवलेले होते; ते रस्त्यांच्या कामावर लावले जात आणि बटाटे व विलायती भाज्या पिकवण्याचे कामही त्यांनी या पठारावर रूढ केले. हा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. पठारावरचे धावड हे परंपरेने लोखंड गाळणारे. त्यांच्या भट्ट्यांना लागणारा कोळसा जंगलखात्याच्या निर्बंधांमुळे मिळेनासा झाला, परदेशी लोखंड स्वस्त आले, आणि त्यांच्यातील अनेकांना मोलमजुरीकडे वळावे लागले. मोसमी पाहुण्यांसाठी राखलेली हिरवाई आणि धावडांच्या विझलेल्या भट्ट्या या एकाच धोरणाच्या दोन बाजू होत.

१८५० नंतरची तीस वर्षे घाट बांधण्याची म्हटली पाहिजेत. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खाते स्वतंत्र झाले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कडाडले, आणि देशावरचा कापूस बंदरात लवकर आणण्यासाठी रस्त्यांची मागणी वाढली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात तर हजारो भुकेल्या माणसांना खडी फोडण्याच्या कामावर लावले गेले. कोल्हापूर-रत्नागिरीचा आंबा, चिपळूण-कऱ्हाडचा कुंभार्ली, भोर-महाडचा वरंधा, वेंगुर्ल्याहून बेळगावकडे जाणारा आंबोलीचा पारपोली घाट, हे सगळे गाडीरस्ते एकोणिसाव्या शतकातच आकाराला आले. त्यांचे तंत्र साधे पण कष्टाचे होते. बैलगाडीला न थांबता चढता येईल इतपतच चढ ठेवायचा म्हणून रस्ता डोंगराच्या अंगाने लांबवत न्यावा लागे. जिथे लांबी पुरत नाही तिथे तो स्वतःवरच वळवून नागमोडी करावा लागे. कातळात हाताने भोके पाडून सुरुंग लावले जात. वडार आणि पाथरवट दगड घडवून दरीच्या बाजूचे कठडे व ओढ्यांवरच्या मोऱ्या, म्हणजे पाणी रस्त्याखालून काढून देणारे छोटे पूल, बांधत. घाटातील वळणांचे जे सौंदर्य वाखाणले जाते ते बैलाच्या दमाचे गणित आहे.

यांतील फिट्झजेराल्ड घाट, ज्याला आज आंबेनळी घाट म्हणतात, तो उन्हाळी प्रवासाच्या इतिहासात सर्वांत बोलका आहे. १८६७ ते १८७२ या काळात गव्हर्नर असलेल्या सर सीमोर फिट्झजेराल्ड याच्या नावाचा हा रस्ता १८७० च्या दशकात पूर्ण झाला आणि रडतोंडीची उभी वाट मागे पडली. सुमारे ४० किलोमीटरच्या या रस्त्यात तेराशे मीटरच्या आसपास उतार पार होतो, प्रतापगडाचा डोंगर बराच वेळ डोळ्यांसमोर राहतो, आणि हवा, झाडी, घरांची छपरे हे सारे पोलादपुरापर्यंत बदलत जाते. चैत्रात माथ्याकडच्या रानात अंजनीला निळ्याजांभळ्या फुलांचे गुच्छ येतात, खालच्या अंगाला पांगारा आणि पळस फुललेले असतात, आणि वैशाखात करवंदांच्या जाळ्या काळ्या होतात. उन्हाळ्याच्या मध्यात दरीत धुरकट उष्मा दाटून दूरचे काहीच दिसत नाही, पण वळवाची एखादी सर पडून गेली की हवा स्वच्छ होते. त्यामुळे देखाव्याच्या शोधात निघणाऱ्याने चैत्राचा पहिला पंधरवडा किंवा वळवानंतरचे दोन-चार दिवस निवडावेत, हे जाणकारांचे मत आजही लागू पडते.

रेल्वेने या रस्त्यांचे महत्त्व काही काळ झाकोळून टाकले. बोर घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये पूर्ण होण्याआधी खोपोली आणि खंडाळा या दोन्ही टोकांपर्यंत गाड्या येत होत्या, आणि मधला घाट प्रवाशांना पालख्यांतून व बैलगाड्यांतून ओलांडावा लागे. जुने आणि नवे यांचा इतका ढोबळ संधिकाळ क्वचितच कुठे पाहावयास मिळेल. १८८० च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग गेल्यावर महाबळेश्वरचे प्रवासी वाठार स्थानकावर उतरून टांग्याने वाई व पसरणीमार्गे वर जाऊ लागले. ठरावीक टप्प्यांवर घोडे बदलले जात आणि टांग्यातली जागा आगाऊ राखून ठेवता येई. प्रवासी मंडळींत हिंदी लोकांचे प्रमाणही या काळात वाढले, आणि साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी १९१६ मध्ये महाबळेश्वरावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात ठिकाणाच्या मराठी इतिहासाला त्याची जागा मिळाली.

रस्ता पुन्हा अग्रभागी आला तो मोटारीमुळे. मुंबईत पहिल्या मोटारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या आणि १९१९ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारमालकांची संस्था स्थापन झाली. बैलाच्या दमासाठी ठेवलेला चढ सुरुवातीच्या मोटारींनाही मानवला, पण वळणे मात्र त्यांच्या वेगाला अरुंद पडू लागली. उन्हाळ्यात इंजिन तापून रेडिएटरमधले पाणी उकळे, म्हणून घाटाच्या मध्यावर झऱ्याजवळ किंवा टाकीजवळ थांबणे हा प्रवासाचा ठरलेला भाग झाला. सक्तीच्या या विश्रांतीने घाटातील चहाच्या टपऱ्यांना, करवंदे व जांभळे द्रोणांतून विकणाऱ्या बायकांना आणि छायाचित्रे काढण्याच्या हौसेला जन्म दिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

सर्वसामान्यांसाठी हा प्रवास खुला केला तो एसटीने. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली, आणि पुढच्या दोन दशकांत घाटमाथ्यावरची व घाटाखालची गावे वेळापत्रकाने जोडली गेली. गव्हर्नरचा दरबार संपला होता, पण त्याचा मोसम शिल्लक राहिला, आणि त्याची जागा शाळांच्या उन्हाळी सुट्टीने घेतली; पाचगणीच्या निवासी शाळा, महाबळेश्वरच्या खानावळी आणि हॉटेलात रूपांतर झालेले जुने बंगले या सर्वांनी तेच वेळापत्रक स्वीकारले. उन्हाळी सुट्टीत मुंबईहून कोकणातल्या गावी जाणारे चाकरमानी मात्र या चित्रात वेगळे उठून दिसतात : त्यांच्या दृष्टीने घाट हा देखावा नसून घर जवळ आल्याची खूण असते, आणि परतताना त्यांच्या पिशव्यांत आंबे, फणस, कोकम असा जो ऐवज असतो तो आगोटीच्या जुन्या देवघेवीशी अधिक नाते सांगतो.

अलीकडच्या काळात घाटांवरचा भार कल्पनेपलीकडे वाढला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि हेबरला चढावा लागलेला घाट काही मिनिटांचा झाला. त्या मार्गावरील वाहतुकीला अडथळा ठरणारा, १८३० च्या रस्त्याशी ज्याचा संबंध जोडला जातो तो अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असल्याची संधी साधून, पाडण्यात आला. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला, पण मे महिन्यातील शनिवार-रविवारी पसरणीच्या घाटात लागणाऱ्या रांगा पाहता त्या घोषणेचा वाहनसंख्येवर फारसा परिणाम झालेला दिसत नाही. मोसमाच्या शेवटाबद्दलची जुनी सावधगिरीही पातळ झाली आहे. पावसाळी पर्यटनाच्या नव्या आवडीमुळे जे चार महिने घाट रिकामे असत, त्याच महिन्यांत आता गर्दी होते, आणि बसाल्टचा कातळ मात्र पूर्वीप्रमाणेच पाण्याने सुटतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील १९२८ चा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला आणि पोलादपूर-महाबळेश्वर हा थेट मार्ग तुटला. भोर-महाड मार्गावरील वरंधा घाटाबाबत तर आता पावसाळ्यात जड वाहनांना, आणि दरडींचा धोका वाढल्यास सर्वच वाहनांना, मनाई करणारे आदेश जिल्हाधिकारी काढतात. त्या काळात भोरकडच्या गाड्या ताम्हिणी घाटाने किंवा महाबळेश्वरच्या वाटेने वळसा घालून कोकणात उतरतात.